पानगळ्यांच्या बायकोचा फोटो

पानगळे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव स्टुडिओच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण! दरवर्षी पानं पिवळी पडायला लागली की हा गृहस्थ दुकानाला कुलूप ठोकायचा आणि खांद्याला कॅमेरा, मागे बायको, बायकोच्या हातात तिवई अशा थाटात डोंगराची बस पकडायचा. म्हणून कुणीतरी एकदा गमतीनं पानगळे म्हणालं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. पुढे पुढे गिऱ्हाईकं तोंडावर 'पानगळेसाहेब आहेत का?' म्हणून विचारायला लागली आणि साहेबही खुशाल 'ओ' द्यायला लागले.

दुकान चालायचं ओळखपत्रांच्या फोटोंवर आणि लग्नकार्यांवर. जीव मात्र पानगळीत. वसंतात काय, कुणीही फोटो काढेल, असं त्यांचं म्हणणं. फुललेल्या झाडाला फोटोग्राफर लागतच नाही, ते स्वतःच मिरवत असतं. पान गळायच्या बेताला आलं, देठ सुटत चालला, की मग त्याच्यात जे काही असेल ते वर येतं. ते बघायला थांबावं लागतं, वाकावं लागतं, प्रसंगी ओल्या जमिनीवर पोट टेकून पडावं लागतं. वर्षातून एकदा वाचनालयाच्या हॉलमध्ये ते पडद्यावर आपले फोटो दाखवायचे आणि हे सगळं रंगवून सांगायचे. धुक्यातलं तळं, काठावरचं एकच तांबडं झाड, रस्त्यावर चिकटलेली ओली पानं, ती झाडणाऱ्या माणसाचा नुसता खराटा. लोक हळहळत, टाळ्या वाजवत. मागच्या रांगेत बायको बसलेली असायची, मशीनची वायर कुणाच्या पायात येऊ नये म्हणून धरून.

आता त्यांची काम करायची रीत सांगतो, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं. गळत्या पानांच्या पसाऱ्यात कॅमेऱ्याला कळत नाही कुठे बघायचं. म्हणून पानगळे बायकोला झाडाच्या बुंध्याशी उभं करायचे. "जरा डावीकडे. आणखी. हां, थांब." मग तिच्या चेहऱ्यावर नेम धरायचे, तिच्या गालावर उजेड किती पडलाय ते बघायचे, चाचणीचा एक फोटो काढायचे आणि म्हणायचे, "हो बाजूला." ती बाजूला व्हायची. मग खरा फोटो. माणूस आला की फोटो माणसाचा होतो, झाडाचा राहत नाही, हा त्यांचा नियम होता आणि नियमाला ते भारी पक्के. संध्याकाळी गेस्टहाउसच्या खोलीत पलंगावर बसून ते त्या दिवसाचा कचरा काढायचे. कचरा म्हणजे चाचणीचे फोटो. एकेक पुसून टाकायचे. बायको शेजारी ओले मोजे हीटरवर पसरत असायची. कधी डोकावून म्हणायची, "बघू, मी कशी आलेय?" ते म्हणायचे, "तू कुठं आलीयेस? झाड आलंय." दोघंही हसायची. ती हसताना तोंडावर हात धरायची.

दोन वर्षांपूर्वी, अशाच पानगळीच्या तोंडावर, ती म्हणाली की डावीकडची दाढ ठणकतेय. पानगळे म्हणाले, "आठवडाभरात पानं संपतील गं. जाऊन येऊ, मग दाखवू." जाऊन आले. दाढ थांबली. मग पुन्हा ठणकली, पुन्हा थांबली. तिनं त्या बाजूनं चावणं सोडून दिलं आणि विषय संपला. शेवटी परगावी राहणारी लेक सुट्टीला आली, दारातच बॅग टाकून आईकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आई, तुझा गाल असा काय झालाय?" तेव्हा पानगळ्यांनी चष्मा पुसून बायकोकडे पाहिलं. म्हणाले, "हो की गं. सुजलाय थोडा."

थोडा! देवा रे. जबड्याची डावी बाजू मुठीएवढी पुढे आली होती आणि हनुवटी उजवीकडे सरकली होती. रोज समोर बसून जेवणाऱ्या माणसाला ते दिसलं नव्हतं, आणि हाच माणूस दहा पावलांवरून सांगायचा की हे पान आज पडेल की उद्या.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाई वयानं लेकीएवढ्याच, पण बोलायला मोकळ्या. गाठ जिवावरची नाही, म्हणाल्या, पण हाड खाणारी आहे. डाव्या कानाखालपासून हनुवटी ओलांडून जबडा काढावा लागेल. पायाचं हाड घेऊन त्याचा नवा जबडा करायचा, धातूची पट्टी बसवायची, पुढे दात बसवायचे. "गाठ मधली रेघ ओलांडून गेलीय, त्यामुळे उजवीकडे बघून डावी बाजू करता येणार नाही. मला यांचे आधीचे फोटो लागतील. सूज यायच्या आधीचे, समोरून काढलेले, दात दिसतील असे हसतानाचे. लोकांकडे नसतात हो, फार पंचाईत होते." मग पानगळ्यांच्या छातीवर लोंबणाऱ्या कॅमेऱ्याकडे बघून त्या हसल्या. "तुमचं मात्र बरंय. घरचाच फोटोग्राफर!"

"उद्या आणून देतो," पानगळे म्हणाले. "किती हवेत?"

बायकोनं तोंडावर हात धरला. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलं आणि तिला तपासण्यांसाठी दाखल करून घेतलं.

घरी येऊन पानगळे कॉम्प्युटरपुढे बसले. कपाटातल्या डिस्क एकेक करून लावल्या. झाड, तळं, झाड, कुंपण, धुकं, झाड. पहिले दोन तास त्यांना काही वाटलं नाही. असेल पुढे, म्हणत राहिले. मग डिस्क भराभर बदलायला लागले. एका फोटोत बुंध्याच्या कडेला शालीचं टोक सापडलं. एकात ओल्या पायवाटेवर दोन पाय, चौकटीतून बाहेर पडताना. एकात तिची सावली, तीही त्यांनी तेव्हा कापायचं ठरवून विसरलेली. इतक्या वर्षांच्या सहलींत बायकोचं एवढंच निघालं. एक टोक, दोन पाय आणि एक सावली.

"बाबा, लग्नातले बघा ना," लेक म्हणाली. ती मागे उभी राहून हे सगळं बघत होती आणि तिचा आवाज चढायला लागला होता. नातलगांची लग्नं बघितली. पण नातलगांच्या सगळ्या लग्नांचे फोटो यांनीच काढलेले, आणि यांनी फोटो काढायचा म्हणजे दिवा बायकोनं धरायचा. प्रत्येक नवरीच्या गालावर जो छान मऊ उजेड पडलाय तो तिच्याच हातातला. लेकीच्या स्वतःच्या लग्नातसुद्धा तेच. एका ग्रुप फोटोत ती होती, तो पाहुण्यांपैकी कुणीतरी काढलेला, आणि त्यात तिनं रडू आवरायला तोंडाशी रुमाल धरला होता. या दोघांच्या लग्नाचा फोटो होता म्हणा. पण त्यात ती विशीतली, गोबरी, खाली मान घातलेली. त्यावरून आजचा जबडा कसा करायचा?

"माझ्याकडे असतील," असं म्हणून लेकीनं फोन काढला, आणि तीच खाली बसली. दर रविवारी ती आईशी व्हिडिओवर बोलायची. आई फोन असा धरायची की दिसायचं कपाळ आणि छताचा पंखा. लेक ओरडायची, 'आई, खाली धर!' आई म्हणायची, 'ऐकू येतंय ना? मग झालं तर.' गेल्या खेपेला काढलेले तीन-चार होते, पण त्यात आईनं मान वळवलेली. तेव्हा लेकीला वाटलं होतं की आई लाजतेय. आता कळलं की ती सूज लपवत होती.

"बाबा," लेक म्हणाली, "चाळीस वर्षं तुम्ही फोटो काढताय. जगाचे काढलेत. भिकाऱ्याचे काढलेत, कुत्र्यामांजरांचे काढलेत. माझ्या आईचा एक नाही?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण वळसा घालून आलेल्या माणसाला निदान कळसा तरी सापडतो. यांच्या काखेत काहीच उरलं नव्हतं.

मग पानगळ्यांना ओळखपत्राचा फोटो आठवला आणि ते अक्षरशः उडालेच. होता की! सूज यायच्या आधीचा, स्वतः स्टुडिओत काढलेला, अगदी समोरून. बायकोच्या पर्समधून कार्ड काढलं आणि धावत हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरीणबाईंनी ते उजेडात धरलं. "अरे वा! ओठ मिटलेले आहेत, पण चालेल. हनुवटी मस्त दिसतेय, अगदी सरळ. दोन्ही बाजू सारख्या. हे तर सोपंच झालं."

पानगळे पुढे वाकून बघत होते. ती हनुवटी ते ओळखत होते. गावातल्या निम्म्या लोकांच्या कार्डावर तीच हनुवटी होती.

"डॉक्टर, थांबा," ते म्हणाले. "ही हनुवटी तिची नाही."

"मग कुणाची?"

"माझी. म्हणजे माझ्या हातची. ओळखपत्राचा फोटो आला की मी दोन्ही बाजू सारख्या करतो. सगळ्यांच्याच. जबड्याची कड साफ करायची, हनुवटी मध्यावर आणायची, लोकांना आवडतं. हात आपोआप फिरतो हो. हिच्यावरही फिरला असणार."

"मूळचा फोटो ठेवला असेल ना?"

"नाही ठेवत," पानगळे म्हणाले. कार्ड परत घेऊन त्यांनी खिशात टाकलं.

शेवटचा उपाय म्हणून ते कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे गेले. कॅमेऱ्याची जुनी कार्डं एका डब्यात पडून होती. पुसलेलं परत येतं असं त्यांनी ऐकलं होतं. दुकानदारानं कार्डं उलटीपालटी करून पाहिली. "साहेब, तुम्ही पुसून वर पुन्हा फोटो काढलेत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बघतो पण." पानगळे तिथल्या स्टुलावर बसून राहिले. चहा आला, थंड झाला. त्यांनी आयुष्यात कुठल्या उजेडासाठी इतकी वाट पाहिली नव्हती.

दुपारी दुकानदारानं हाक मारली. पडद्यावर फोटो एकेक करून उतरत होते, वरून खाली. काही नुसतेच करडे. काहींत फांदी आणि मग करडं. आणि मग तांबड्या पानांखाली तिचे केस आले. कपाळ आलं. भुवया आल्या. डोळे आले, सरळ कॅमेऱ्यात बघणारे. नाकाचा शेंडा आला आणि त्याच्याखाली करड्या रंगाची सपाट पट्टी.

"पुढे?" पानगळे म्हणाले.

"पुढे नाही. एवढंच आलंय."

"अहो, खाली घ्या ना जरा!"

"खाली काही नाहीच, साहेब. तो भाग तुमच्या पुढच्या फोटोनं खाल्ला."

आणखी दोन निघाले, तेही तसेच. एकात तर नाकही नाही. पानगळे त्या डोळ्यांकडे बघत बसले. ती त्यांच्याकडे अशी बघत होती की वाऱ्यानं केस तोंडावर आले तरी हलायचं नाही, त्यांचा नेम चुकायला नको. थंडीनं डोळ्यांत पाणी होतं आणि त्यात पिवळ्या झाडाचा ठिपका पडला होता. इतका सुंदर फोटो आपण कधी काढला नाही, हे त्यांना कळलं, आणि ते दुकानदारासमोर लहान मुलासारखे रडले. दुकानदार बिचारा गडबडला. "पैसे राहू द्या, साहेब," म्हणाला. त्याला वाटलं बाई गेल्या.

"डोळे मिळाले," पानगळ्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगितलं.

"डोळ्यांना मला काही करायचं नाहीये हो," त्या म्हणाल्या. चिडून नाही, पण त्यांच्याही हातात आता वेळ उरला नव्हता. "बरं, तुम्ही दोघं मला सांगा. मी चित्र काढून घेते. हनुवटी टोकदार की रुंद? मध्ये खळगा होता का? हसताना ओठाचं कुठलं टोक वर जायचं?"

"डावं," लेक म्हणाली.

"उजवं," पानगळे म्हणाले.

दोघं एकमेकांकडे बघायला लागली. डॉक्टरीणबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. संध्याकाळी लेकीनं बाबांना जिन्यात गाठलं आणि सांगितलं, "बाबा, मलाही नक्की आठवत नाही. मी लहानपणची आई सांगितली. नंतर मी तरी कुठं बघितलं तिच्याकडे नीट?" एवढं बोलून तिनं बापाच्या खांद्यावर डोकं ठेवलं. भांडायचंही त्राण नव्हतं तिच्यात.

राहता राहिली बायको. ती खाटेवर बसून मऊ भात कालवत होती. पानगळे स्टूल ओढून समोर बसले. इकडचं तिकडचं बोलले, पाणी हवं का विचारलं, उशी सारखी केली. मग म्हणाले, "अगं, तू हसतेस ना, तेव्हा ओठाची कुठली बाजू वर जाते?"

"कशाला?"

"डॉक्टरांना सांगायचंय."

"मला काय विचारता?" ती म्हणाली. "मी काय आरसा घेऊन हसते? समोर तर तुम्ही असायचात."

ती टोचून बोलली असती तर बरं झालं असतं. पण तिनं ते साधेपणानं म्हटलं आणि पुढचा घास उजवीकडून चावायला घेतला. पानगळ्यांना वाटलं, हिचं आत्ताचं तोंड तरी बघून घ्यावं. त्यांनी पाहिलं. गाठ होती, ताणलेली चकाकती कातडी होती, एका बाजूला ओढलेला ओठ होता. त्या सगळ्याखाली ती कुठेतरी होती आणि उद्या सकाळी ते सगळंच कापून काढणार होते. "हस ना गं जरा," ते म्हणाले. तिनं हसायचा प्रयत्न केला. सूज हलली, बाकी काही नाही.

ऑपरेशन दिवसभर चाललं. डॉक्टरीणबाईंनी अंदाजानं केलं, आणि जीव ओतून केलं. नंतर नळ्या, पट्ट्या, पातळ अन्न, कुबडी. चेहरा भोपळ्यासारखा सुजला, मग निळा पडला, मग हळूहळू उतरायला लागला. लेक रजा वाढवून राहिली, मग तिला जावं लागलं. पानगळ्यांनी स्टुडिओ उघडला नाही. ते तिला भरवायचे, तोंड पुसून द्यायचे, वाटी खाली ठेवून बघत बसायचे. आता बघायला काही कमी नव्हतं, रात्रंदिवस बघत होते. पण जे बघायचं ते निघून गेलं होतं. ती चिडायची, हातानं खूण करायची, काय टक लावून बसलात? त्या वर्षी खिडकीबाहेर पानं पडली, रस्ते झाडले गेले, कुणी फोटो काढला नाही.

सूज पूर्ण उतरल्यावर शेवटची तपासणी होती. बायको खुर्चीत बसली. डॉक्टरीणबाईंनी तिची हनुवटी दोन बोटांनी इकडेतिकडे फिरवून पाहिली, टाका नीट भरलाय म्हणाल्या, तोंड उघडायला लावलं, मिटायला लावलं, हसायला लावलं. ओठाचं डावं टोक किंचित वर गेलं. त्यांना स्वतःचं काम आवडलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दोन पावलं मागे सरून त्या पानगळ्यांकडे वळल्या.

"आता तुम्ही सांगा, साहेब. आल्या ना बाई पहिल्यासारख्या?"

बायकोनंही मान वळवली. तिनं अजून आरसा मागितला नव्हता. घरातले आरसेही तिनं एकेक करून झाकले होते. ती पानगळ्यांकडे बघत होती आणि हो की नाही याची वाट बघत होती, हाताची बोटं मांडीवर घट्ट आवळून. पानगळ्यांना 'हो' म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलंही. सबंध जगात हे सांगू शकेल असा एकच माणूस होता आणि तो आपण आहोत, हे त्यांना ठाऊक होतं.

"मला नाही सांगता येत," ते म्हणाले. "मला माहीतच नाही."

डॉक्टरीणबाईंनी उगाच टेबलावरचे कागद सारखे केले. बायकोच्या डोळ्यातून एक थेंब निघून गालावरून खाली आला. नव्या हनुवटीला अजून स्पर्श कळत नव्हता, त्यामुळे तो तिथं लोंबत राहिला आणि तिनं पुसला नाही. पानगळ्यांनी पुढे होऊन अंगठ्यानं तो टिपला. तेही तिला कळलं नाही.

मग तिनं नर्सकडे हात करून आरसा मागितला. बराच वेळ बघितलं. उजवीकडून, डावीकडून, थोडं हसून, ओठ मिटून. नव्या जबड्यातून शब्द जड यायचे, म्हणून ती सावकाश बोलली.

"असू दे. हीच मी," ती म्हणाली. "नाही म्हणायला आहे कोण?"